व्हिएतनामी खाणावळीत एक दुपार

आमच्या घरात बाहेर जेवायला जाण्याची रीत कधीच नव्हती. मुंबईला भायखळ्यास राहत होतो तेव्हा बाहेर खाणे म्हणजे इराण्याकडचा चहा आणि फार तर ब्रून-मस्का. मटण घरचे, मासळी घरची, आणि लग्न असो की मलिदा, जेवण आपल्याच माणसांच्या हातचे. १९६८ साली आम्ही इस्राएलला आलो, बेरशेबाला घर मिळाले, आणि ही रीतही आमच्याबरोबर विमानातून आली. लोक रस्त्यावर उभे राहून फलाफल खात. आमचे कुटुंब म्हणे, "उभ्याने खाणे हे काय खाणे?" आणि घरी येऊन भात टाकी.

तेव्हा गेल्या महिन्यात आमच्या नातीने फोन करून सांगितले, "नाना, माझा वाढदिवस आहे. यंदा तुम्ही काही करायचं नाही, मी तुम्हां दोघांना जेवायला नेणार," तेव्हा आम्ही जरा सावधच झालो.

"कुठे नेणार?" आम्ही विचारले.

"व्हिएतनामी हॉटेलात. तेल अवीवला."

ही नात लष्करातून सुटल्यावर, आजकालची मुले जातात तशी, पाठीला पिशवी लावून पूर्वेकडे जाऊन आली होती. मुंबई, अलिबाग, नवगाव पाहून पुढे व्हिएतनामला महिनाभर राहिली. परत आली ती तिकडच्या रश्श्याचे गुणगान करीतच. कुटुंबाने आमच्या हातून फोन घेतला आणि दोन प्रश्न विचारले. पहिला, "कोशेर आहे का?" दुसरा, "बसायला खुर्ची आहे का?" पहिल्याचे उत्तर लगेच आले, "हो, नानी, तेऊदा लावलेला आहे." दुसऱ्याचे उत्तर आलेच नाही. ते का आले नाही, हे तेथे गेल्यावर कळले.

ठरल्या दिवशी आगगाडीने तेल अवीव गाठले. बाजाराच्या मागच्या गल्लीत ती खाणावळ होती. आठ टेबले, तीही आपल्याकडे पोळ्या लाटायच्या पाटाएवढ्या उंचीची, आणि त्यांच्याभोवती लहान मुलांच्या शाळेत असतात तशी तांबडी-निळी प्लॅस्टिकची स्टुले. नात म्हणाली, "हनोईला सगळे फुटपाथवर असंच बसतात." आम्ही म्हणालो, "हनोईकरांचे गुडघे चांगले असतील." शेवटी मालकाने आतून एक खरी खुर्ची आणून दिली. ती कुटुंबाला मिळाली. आम्ही स्टुलावर बसलो, आणि बसल्यावर लक्षात आले की आता उठणे हा वेगळा कार्यक्रम होणार.

कुटुंब मात्र बसण्याआधी भिंतीपाशी गेले, चष्मा लावला आणि तेथे लावलेले कोशेरचे प्रमाणपत्र वरपासून खालपर्यंत वाचले. तारीख पाहिली. मांसाचे हॉटेल, दूध नाही, असे खात्रीने कळल्यावर मगच पर्स मांडीवर ठेवून खुर्चीत बसले.

मालक म्हणजे तिशीतला येथेच जन्मलेला मुलगा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मात्र एक बाई दिसत होत्या. पंचावन्नच्या आसपासच्या, केस मागे घट्ट बांधलेले, आणि हात असे चालत होते की पाहत राहावे. आम्ही ओळखले की खरे हॉटेल खिडकीच्या पलीकडे आहे.

पहिल्यांदा एक मोठे ताट भरून पाला आला. कोथिंबीर, पुदिना, सॅलडची पाने, मोड आलेले मूग, लिंबाच्या फोडी आणि जांभळ्या देठाची एक तुळस. कुटुंब हळूच म्हणाले, "अहो, हे जेवण आहे की बकरीचा चारा?" आम्ही तुळशीचे एक पान चुरडून नाकाशी नेले, आणि क्षणभर बोलणेच सुचेना. बालपणी आमच्या घरी मलिद्याच्या ताटाशेजारी सब्जाची डहाळी ठेवलेली असे. बाबा ती उचलून वास घेत, ब्राखा म्हणत आणि मग ती एकेकाच्या हातून फिरे. अगदी तोच वास नव्हता, पण त्याच घरातला होता. कुटुंबाकडे पान दिले. तिनेही वास घेतला आणि बकरीची गोष्ट पुन्हा काढली नाही.

मग घावन आले. त्याला ते लोक बान्ह सेओ म्हणतात, पण आम्ही घावनच म्हणू. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि हळद यांचे सरसरीत मिश्रण तापलेल्या तव्यावर ओतायचे, आत भाजी किंवा मांस घालायचे आणि अर्धे दुमडून ताटात घ्यायचे. तिकडे आत कोळंबी आणि डुकराचे मांस घालतात. येथे कोंबडी, अळंबी आणि मोड होते. नात म्हणाली की 'सेओ' म्हणजे पीठ तव्यावर पडताच होणारा आवाज. म्हणजे आपला 'चर्र'! एवढ्या लांबच्या लोकांनीही तव्याचा आवाज ऐकूनच नाव ठेवले, याचे कुटुंबाला फार कौतुक वाटले. खायची पद्धत मात्र निराळी. घावनाचा तुकडा सॅलडच्या पानात ठेवायचा, वर पुदिना घालायचा, विडा बांधतात तसा बांधायचा आणि आंबट-तिखट पाण्यात बुडवून तोंडात टाकायचा. कुटुंबाने पहिला विडा असा बांधला की मालकाचा मुलगा पाहतच राहिला. हाताने जेवणाऱ्या माणसाला ही विद्या शिकवावी लागत नाही.

त्या आंबट-तिखट पाण्याचे मूळ म्हणजे माशाचे पाणी. मांदेलीच्या कुळातली बारीक मासळी आणि मीठ, साधारण तीनास एक या प्रमाणात, मोठ्या लाकडी पिंपांत थरावर थर भरून महिनेच्या महिने, कधी वर्षभरही ठेवतात. तळाशी जे तांबूस पाणी सुटते ते काढून घेतात. फान थियेत आणि फू क्वोक ही त्यासाठी नावाजलेली ठिकाणे. वास सुकटीच्या हाऱ्यासारखा, पण लिंबू, साखर, लसूण आणि मिरची घातली की जिभेला सोडवत नाही. मांस आणि मासळी आपण एकत्र शिजवत नाही, एकत्र खात नाही. त्यामुळे येथे मांसाच्या रश्श्यात ते पाणी घालीत नाहीत, मीठ घालतात. कोंबडीच्या घावनाबरोबर आलेले पाणीही सोयाबीनचे होते. खरे माशाचे पाणी फक्त भाजीच्या पदार्थांसाठी, वेगळ्या वाटीत. आम्ही शेवटी पाण्याने चूळ भरून, वेगळ्या ताटलीत, काकडीच्या फोडीबरोबर ते चाखले. अलिबागच्या बंदरावर सुकत घातलेली मासळी डोळ्यांपुढे आली.

तांदळाच्या पातळ कागदात गुंडाळलेली भाजी आली तेव्हा कुटुंब म्हणाले, "या तर आपल्या साळपापड्या!" आणि खरेच, तांदूळ वाटून, त्याचा पातळ थर वाफेवर शिजवून, सोलून बांबूच्या चटईवर उन्हात वाळवायचा, ही कृती कोकणातल्या कोणत्या आजीला ठाऊक नाही? फरक इतकाच की आपण पापडी तळतो आणि ते लोक ती पाण्यात भिजवून मऊ करतात.

आणि शेवटी वाडगा. 'फो' असे लिहितात, पण म्हणायचे 'फऽ', आणि तेही प्रश्न विचारल्यासारखे शेवटी वर चढवून. गाईची हाडे तासन् तास उकळून काढलेला रस्सा. त्यात थेट विस्तवावर भाजलेला कांदा व आले, दालचिनी, लवंग आणि बदामफूल. तळाशी तांदळाच्या शेवया, वर मांसाचे पातळ काप, आणि हे सगळे इतके गरम की कच्चा काप वाडग्यातच शिजतो. नातीने सांगितले की हा पदार्थ काही फार पुराणा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हनोई आणि नाम दिन्ह या उत्तरेच्या भागात तो विकला जाऊ लागला. तिकडे गुरे शेतीच्या कामाची. फ्रेंच लोक आल्यावर गोमांसाला गिऱ्हाईक मिळाले आणि उरलेल्या हाडांचा रस्सा गरिबांच्या वाट्याला आला. १९५४ साली देशाचे दोन तुकडे झाले, तेव्हा उत्तरेतले लाखो लोक दक्षिणेत गेले आणि वाडगाही त्यांच्याबरोबर गेला. तेथे त्यात तुळस पडली, मोड पडले, लिंबू पडले. उत्तरेची म्हातारी माणसे म्हणे अजून नाक मुरडतात. आम्हांला हसू आले. आपल्या आमटीत येथे आल्यावर काय काय पडले आणि आपल्या म्हाताऱ्यांनी किती नाके मुरडली, ते आम्हांला आठवले.

काड्यांनी खाण्याचा प्रयत्न आम्ही केला. तीन शेवया उचलल्या, दोन पडल्या. खिडकीतल्या बाईंनी ते पाहिले. त्या बाहेर आल्या, आमच्यापुढे चमचा ठेवला आणि स्वच्छ हिब्रूत म्हणाल्या, "आजोबा, रस्सा गरम असतानाच खायचा. काड्या उद्या शिका."

मग त्यांनी कुटुंबाकडे पाहून विचारले, "तुम्ही होदूचे ना?"

"हो. बेने इस्राएल. बेरशेबाहून आलो."

"मग शेजारीच की," त्या म्हणाल्या. "लहानपणी आम्ही ओफाकीमला होतो. नवागतांच्या केंद्रात."

आमच्या हातातला चमचा वाडग्यातच राहिला.

ही गोष्ट तरुण वाचकांना ठाऊक नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. एप्रिल १९७५ मध्ये सायगाव पडले आणि पुढे वर्षानुवर्षे लाखो माणसे मिळेल त्या होडीने व्हिएतनाम सोडून समुद्रावर निघाली. कित्येक बुडाली. जून १९७७ मध्ये 'युवाली' नावाच्या इस्राएली मालवाहू जहाजाला भर समुद्रात अशी एक होडी दिसली. तीत ६६ माणसे होती. पाणी संपलेले, अन्न संपलेले. त्याआधी इतर देशांची जहाजे त्यांना पाहून निघून गेली होती. 'युवाली'ने त्यांना वर घेतले. पण जवळचे कोणतेही बंदर त्यांना उतरवून घेईना. त्याच महिन्यात मेनाहेम बेगिन पंतप्रधान झाले, आणि अधिकारावर आल्यावर अगदी पहिल्या निर्णयांत त्यांनी या लोकांना इस्राएलमध्ये आसरा दिला. कारण सांगताना त्यांनी १९३९ च्या 'सेंट लुई' जहाजाची आठवण दिली. त्या जहाजावर जर्मनीतून निघालेले नऊशेहून अधिक यहुदी होते, आणि क्युबाने व अमेरिकेने उतरू न दिल्यामुळे त्यांना युरोपात परत जावे लागले होते. १९७९ पर्यंत आणखी दोन तुकड्या आल्या. सगळे मिळून सुमारे साडेतीनशे व्हिएतनामी लोक या देशात आले. ओफाकीम, स्देरोत, अफुला येथे त्यांना घरे मिळाली आणि नागरिकत्वही मिळाले. पुढे त्यांतले बरेच फ्रान्सला, अमेरिकेला आपापल्या नातेवाइकांकडे गेले. राहिले त्यांपैकी अनेकांनी स्वयंपाकघरांतच आयुष्य काढले. त्यांच्या मूळ देशाशी इस्राएलचे राजनैतिक संबंध १९९३ साली जुळले, म्हणजे आपल्या भारताशी पूर्ण संबंध जुळले त्याच्या पुढच्याच वर्षी.

हे आज आम्ही असे शांतपणे लिहितो आहोत. १९७७ साली आम्ही शांत नव्हतो. आता जे सांगायचे आहे त्यात 'आम्ही' म्हणजे आम्ही एकटेच. कुटुंबाला त्यात ओढू नये.

त्या वेळी आम्ही नेगेवमधल्या एका कापडाच्या कारखान्यात, रंगखात्यात कामाला होतो. आम्ही या देशात आलो त्याच्या आधी १९६२ मध्ये काय झाले होते ते जुन्या वाचकांना सांगायला नको. लग्न लावण्यापूर्वी बेने इस्राएल मुलामुलीच्या आईची, आजीची, पणजीची चौकशी करावी, असा हुकूम निघाला होता. आमचे थोरले बंधू १९६४ च्या उन्हाळ्यात येरुशलेमला धरणे धरून बसले होते. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतने ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतींत इतरांसारखेच यहुदी आहेत. ठराव झाला, पण कारखान्यात ठराव कोण वाचतो? तेथे आम्ही 'होदी' होतो, आणि कोणाची मिजास बिघडली की 'काळे' होतो. जेवणाच्या सुटीत आमचा डबा उघडला की हळदीच्या वासावरून थट्टा होई. नवगावच्या किनाऱ्याला आपली होडी फुटली, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि तेव्हापासून शेकडो वर्षे आपण शब्बाथ आणि शमा सोडला नाही, हे तेथे कोणाला सांगणार? अशा वेळी वर्तमानपत्रात आले की समुद्रावरून उचललेल्या लोकांना सरकारने घरे दिली, आणि त्यांच्या आजीची चौकशी कोणी केली नाही. आमच्या मनात कडवटपणा आला. तो कडवटपणा सरकारवर काढण्याची आमची छाती नव्हती.

त्यांच्यापैकी तीन-चार जण आमच्या कारखान्यात लागले. एक आमच्याच खात्यात, आमच्याच पाळीला होता. वयाने आमच्याएवढा, तिशीचा. अंगाने बारीक, डाव्या भुवईवर जुना व्रण. बोलत कमी असे, काम चोख करी. पिंपाचे झाकण गरम असले की न सांगता स्वतःचा हातमोजा काढून आमच्यापुढे करी.

१९७८ च्या हिवाळ्यात एके रात्री, जेवणाच्या सुटीत, तो आमच्याजवळ आला. त्यांचे नवे वर्ष होते, हे तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हते. त्याच्या हातात चांदीच्या कागदात बांधलेला भाताचा एक चौकोन होता. सुरीने त्याचे चार भाग केले होते. त्याने एक भाग आमच्यापुढे धरला आणि मोडक्या हिब्रूत म्हणाला, "तुला. सण."

आम्ही कोशेर पाळतो. खात नाही म्हणून सांगायचे, हात जोडायचे, संपले असते. पण टेबलावर बाकीचे बसले होते आणि पाहत होते. आम्ही हाताने तो तुकडा बाजूला सारला आणि मोठ्याने म्हणालो, "यात कुत्रं आहे की मांजर?"

सगळे हसले. खो खो हसले. एकाने आमच्या पाठीवर थाप मारली आणि आपल्या शेजारी बाकावर जागा करून दिली. दहा वर्षांत त्या टेबलावर आमच्यासाठी कोणी सरकून जागा केली नव्हती. आणि आम्ही तेथे बसलो.

त्याला तेवढे हिब्रू कळत होते. त्याने चारही भाग पुन्हा कागदात गुंडाळले, कागदाच्या कडा नीट दाबल्या आणि बाहेर गेला. दुसऱ्या दिवसापासून तो आपला डबा बाहेर, कोळशाच्या ढिगापाशी बसून खाई. पुढे उन्हाळ्यात तो काम सोडून गेला. हातमोजा मात्र जाईपर्यंत पुढे करीत राहिला.

ही गोष्ट आम्ही कोणाला सांगितली नव्हती. कुटुंबालाही नाही. यॉम किप्पूरला मात्र ती दर वर्षी बरोबर आठवते.

तर त्या दुपारी आम्ही त्या बाईंना विचारले, "तुमच्या नव्या वर्षाला भाताचा चौकोन करतात ना?"

त्यांचा चेहरा उजळला. "बान्ह चुंग! तुम्हांला कसं ठाऊक? चिकट तांदूळ, मध्ये मुगाची डाळ आणि मांस, पानात बांधून रात्रभर उकळायचं. पण ओफाकीमला आई नुसती डाळच घाली. पानं मिळत नसत, म्हणून चांदीचा कागद. शेजारणींनी सांगितलं होतं की येथे लोक आपलं मांस खाणार नाहीत. आई म्हणे, सणाचं केलेलं वाटता आलं नाही तर करायचं कशाला? म्हणून सगळ्याच घरांतून बिनमांसाचं करू लागले."

कुटुंब आमच्याकडे पाहत होते. पन्नासाहून अधिक वर्षांच्या संसारात चेहरा लपवता येत नाही. मग आम्ही सांगितले. नातीसमोर, कुटुंबासमोर, त्या बाईंसमोर, जसे घडले तसे सांगितले. कुत्र्या-मांजराचे शब्दही गाळले नाहीत.

त्या बाई हातातल्या फडक्याची घडी करीत ऐकत होत्या. त्यांना राग आला की नाही, आम्हांला समजले नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले, "नाव काय त्यांचं? आम्ही इतके थोडे होतो की सगळे सगळ्यांना ओळखायचे. नाव सांगा, मी आत्ता सांगते कुठे आहेत ते."

वाचकहो, आम्हांला नाव सांगता आले नाही. आम्हांला ते कधी ठाऊकच नव्हते. एका पाळीला, एका पिंपापाशी वर्षभर काम केले, आणि त्याला आम्ही, सगळे म्हणत तसे, 'सिनी' म्हणत होतो. म्हणजे चिनी. तो चिनी नव्हता हे ठाऊक असूनही.

तसे आम्ही त्यांना सांगितले. त्यांनी मान हलवली. "आमच्या सगळ्यांनाच तसं म्हणायचे," त्या म्हणाल्या. आतून हाक आली, आणि त्या आत गेल्या. थोड्या वेळाने त्यांनी तीन पेले पाठवले. कडक काळी कॉफी, आणि दुधाच्या जागी नारळाचे दूध. त्यांच्या देशात तिच्यात डब्यातले घट्ट दूध घालतात, पण मांसाच्या जेवणावर ते चालणार नाही. आपणही रोश हशानाचा चिकाचा हलवा नारळाच्या दुधात याच कारणाने करतो. कुटुंबाने एक घोट घेतला आणि म्हणाले, "चांगली आहे." एरवी तिने हलव्याच्या नारळावर दहा मिनिटे भाषण केले असते.

निघताना आम्ही खिडकीपाशी गेलो. काय बोलावे कळेना. "जेवण फार चांगलं होतं," एवढेच म्हणालो. त्या म्हणाल्या, "पुन्हा या. आजीला घावन आवडलं." आम्हांला आवडले की नाही, ते त्यांनी विचारले नाही.

आगगाडीत नात बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग हिब्रूत नव्हे, मराठीत तिने विचारले, "नाना, तुम्ही असं का म्हणालात त्याला?"

"ते सगळे हसणार होते म्हणून," आम्ही सांगितले. "आणि आम्हांला त्यांच्यात बसायचं होतं."

"आणि बसल्यावर?"

"बसल्यावर आम्ही डबा उघडला. तर त्यांनी हळदीच्या वासावरून थट्टा केलीच."

ती हसली नाही. कुटुंब इतका वेळ गप्प होते. लेहावीमचे स्टेशन मागे पडले तेव्हा ते म्हणाले, "अहो, डबा तर रोज मीच भरून देत होते. त्याच रात्री घरी येऊन सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी दोन घावन जास्त टाकले असते. त्याने खाल्ले असते. तांदळाचंच तर होतं." मग थोडे थांबून म्हणाले, "एवढी वर्षं कशाला ठेवलंत?"

याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आजही नाही. आपल्या लोकांवर झालेला अन्याय आम्ही मुलांना सांगितला, नातवंडांना सांगितला, आणि सांगितलाच पाहिजे. १९६४ चे धरणे आमच्या घरात पेसाहच्या हगादासारखे दर वर्षी सांगितले जाते. पण त्याच्या शेजारी ही दुसरी गोष्टही सांगायला हवी होती, आणि ती आम्ही वगळली. आता नातीला दोन्ही ठाऊक आहेत.

म्हणून हा लेख. आणि लेखाच्या शेवटी एक विनंती. आपल्यापैकी कितीतरी जण त्या वर्षांत नेगेवच्या कारखान्यांत रात्रपाळ्या करीत होते. ओफाकीम, बेरशेबा, दिमोना येथल्या कोणा वाचकाला, किंवा त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांना, १९७८ च्या सुमारास रंगखात्यात काम करणारा तो व्हिएतनामी माणूस आठवत असेल: अंगाने बारीक, डाव्या भुवईवर व्रण, स्वतःचा हातमोजा दुसऱ्यापुढे करणारा. तो आज हयात असेल तर ऐंशीच्या घरात असेल. कोणी त्याला नावाने हाक मारीत असे का? मारीत असल्यास ते नाव कृपा करून मासिकाकडे कळवावे. आम्ही ते घेऊन त्या खाणावळीच्या खिडकीपाशी जाऊ. कुटुंब म्हणते की जाताना रिकाम्या हाताने जायचे नाही, तांदूळ ती आदल्या रात्रीच भिजत घालील.